अळीचे नाव चुकले की सल्ला चुकतो : कीड-नोंद आणि सल्ला संकेतांकाने कसा जोडावा

देवणी तालुक्यात खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा ही महत्त्वाची पिके आहेत. या पिकांवरील किडींच्या नोंदी कुणी वहीत ठेवतो, कुणी मोबाईलमध्ये, तर सहायक कृषी अधिकारी सर्वेक्षणाच्या तक्त्यात. नोंद भरपूर असूनही सल्ला चुकू शकतो. त्याचे एक मोठे कारण म्हणजे नावांचा घोळ.

नावांचा घोळ कसा होतो?

एकच नाव, किडी दोन : सोयाबीनवरील तंबाखूची पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा लिट्युरा) अनेक ठिकाणी ‘लष्करी अळी’ म्हणून ओळखली जाते. भारतात 2018 मध्ये प्रथम आढळलेली मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी (स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा) ही वेगळी कीड आहे. मक्यात फवारा पोंग्यात जाईल असा द्यावा लागतो. सोयाबीनला पोंगाच नाही.

एकच कीड, नावे अनेक : हरभऱ्यावरील घाटे अळी, तुरीवरील शेंगा पोखरणारी हिरवी अळी आणि कपाशीवरील अमेरिकन बोंडअळी ही एकच कीड आहे, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तुरीवर वाढलेली तिची पिढी पुढे शेजारच्या हरभऱ्यावर येऊ शकते. तीन नावांनी तीन नोंदी झाल्या, तर ही साखळी दिसत नाही.

याचा फटका थेट खिशाला बसतो. कामगंध सापळ्यातील ल्युर किडीनुसार वेगळे असते. हेलिकोव्हर्पासाठी हेलील्युर, तर लिट्युरासाठी स्पोडोल्युर. चुकीचे ल्युर लावले की सापळा रिकामा राहतो आणि शेतात कीड नाही असा गैरसमज होतो.

नोंद कोष्टकात ठेवावी

तुमच्या देवणी गाईच्या कानातील टॅग आठवा. ‘लक्ष्मी’ नावाच्या गाई गावात दहा असतील, पण टॅगवरचा 12 अंकी क्रमांक एकाच जनावराचा असतो. लसीकरण, रेतन, विण्याची तारीख या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या, तरी त्या क्रमांकाने एकमेकींशी जोडता येतात. संबंधाधारित डेटाबेस म्हणजे नेमके हेच. 1970 मध्ये एडगर कॉड यांनी ही पद्धत मांडली.

कीड-नोंदीसाठी दोन कोष्टके पुरतात.

1. शेत : प्लॉट क्रमांक, गाव, गट क्रमांक, पीक, वाण, पेरणीची तारीख
2. निरीक्षण : प्लॉट क्रमांक, तारीख, किडीचा संकेतांक, मोजलेली संख्या, मोजण्याचे एकक

प्लॉट क्रमांक दोन्हीकडे असल्याने गाव, वाण पुन्हा पुन्हा लिहावे लागत नाही. पेरणीची तारीख असली की पीक किती दिवसांचे आहे हे हिशेबाने निघते.

माहिती खुणांमध्ये ठेवावी

किडीबद्दलची माहिती मात्र कोष्टकात नीट बसत नाही. एका किडीला दोन नावे, दुसरीला पाच. एखादीची नुकसानीची पातळी पिकाच्या अवस्थेनुसार बदलते. ठराविक रकाने केले तर निम्मे रिकामे राहतात. अशा माहितीसाठी एक्सएमएल ही पद्धत सोयीची आहे. ती 1998 मध्ये प्रमाणित झाली. यात प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर ती कशाची आहे हे सांगणारी खूण असते. खुणा मराठीतही लिहिता येतात. पुढील संकेतांक केवळ समजण्यापुरता आहे.

<कीड संकेतांक="की-07">
  <नाव प्रकार="शास्त्रीय">हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा</नाव>
  <नाव पीक="हरभरा">घाटे अळी</नाव>
  <नाव पीक="तूर">शेंगा पोखरणारी हिरवी अळी</नाव>
  <नाव पीक="कापूस">अमेरिकन बोंडअळी</नाव>
  <पातळी पीक="हरभरा">एका मीटर ओळीत 1 ते 2 अळ्या</पातळी>
  <सापळा>हेलील्युर</सापळा>
</कीड>

आता जोड पाहा. शेतकऱ्याने ‘घाटे अळी’ सांगितले की यादीतून ‘की-07’ मिळतो. निरीक्षणाच्या कोष्टकात तोच जातो. संख्या पातळीच्या वर गेली की त्याच संकेतांकाखालचा सल्ला पुढे येतो. विद्यापीठाची शिफारस बदलली तर ती एकाच ठिकाणी बदलावी लागते, जुन्या नोंदींना हात लावावा लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ‘ॲग्रोव्होक’ हा कृषी शब्दसंग्रहही याच तत्त्वावर आहे : संकल्पनेला एक ओळख, तिच्याखाली अनेक भाषांतील नावे.

हे गावासाठी का महत्त्वाचे?

2008 च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर 2009-10 पासून राज्यात कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू झाला. निश्चित व यादृच्छिक प्लॉटमधील निरीक्षणे एकत्र करून सल्ला देणे हे त्याचे सूत्र आहे. अशा व्यवस्थेचा कस शेवटी बांधावरच्या नोंदीत लागतो. नोंद चुकली तर संगणक चुकीचा सल्लाच वेगाने पोहोचवतो.

नोंद घेताना ही काळजी घ्यावी

• नुसते ‘अळी पडली’ लिहू नये. पीक, अळीचा रंग, पट्टे व ठिपके, नुकसान पानावर की शेंगेवर, हे लिहून फोटो काढावा.
• ओळख पटली नसेल तर संकेतांक अंदाजाने टाकू नये. ‘ओळख बाकी’ असे लिहून सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून खात्री करावी.
• सोयाबीनमध्ये दोन ओळींत कापड अंथरून एक मीटर ओळीतील झाडे हलवावीत व पडलेल्या अळ्या मोजाव्यात. शेताच्या वेगवेगळ्या भागांत हे करून सरासरी काढावी.
• एकक लिहावेच. ‘4’ म्हणजे मीटर ओळीत 4 अळ्या, की सापळ्यात 4 पतंग, हे नंतर कळत नाही.
• कीड नसेल तर 0 लिहावा. रिकामा रकाना म्हणजे पाहणी झाली नाही; 0 म्हणजे पाहणी झाली, कीड सापडली नाही. शून्याच्या नोंदीमुळेच कीड कोणत्या आठवड्यात आली ते समजते.
• सल्ल्यासोबत त्याची तारीख ठेवावी. कीटकनाशक त्या पिकासाठी व त्या किडीसाठी लेबलवर शिफारस केलेले आहे का, हे दरवेळी तपासावे.

सुरुवातीला महागडे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. शेतकरी गटाने आपल्या भागातील दहा-बारा किडींची यादी करावी, प्रत्येकीला एक संकेतांक द्यावा, त्याखाली गावात चालणारी सर्व नावे लिहावीत आणि ही यादी कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी. हीच यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली, तरी निम्मे काम झाले. पुढे नोंदी संगणकावर घेताना संकेतांक तेच ठेवावेत, म्हणजे जुन्या वहीतील नोंदीही उपयोगी पडतात.