खाडाखोडीवर सही कोणाची?

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. तथापि भारतात त्याचे विधिवत विलीनीकरण होण्यास १९६१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात दादरा व नगर हवेलीचा कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंच्या बरोबरीने सही करण्यास अधिकारी व्यक्ती हवी, म्हणून प्रशासक के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले. मुक्ती कधीच झाली होती, जनतेचा कौलही स्पष्ट होता. तरीही बदलाच्या कागदाखाली एका जबाबदार माणसाची सही असावी, हा आग्रह कोणी सोडला नाही. संगणकाच्या नव्या युगात नेमका हाच आग्रह सुटत चालला आहे, आणि ही गोष्ट चिंतेची आहे.

संगणकाची आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज सर्वत्र उपलब्ध आहेत. त्यांना काम सांगावे, की ती फाइली वाचतात, त्यांत दुरुस्त्या करतात आणि आज्ञाही चालवितात. यांचा शिस्तीचा मार्ग असा, की कोणती ओळ गेली व कोणती आली हे साधनाने दाखवावे, माणसाने ते वाचावे आणि मगच संमती द्यावी. परंतु संमती न विचारता सारे बदल परस्पर लागू करण्याची मुभाही या साधनांत असते. ‘क्लॉड कोड’ या साधनात ही मुभा देणाऱ्या आज्ञेच्या नावातच ‘धोकादायक’ या अर्थाचा शब्द खुद्द निर्मात्यांनी घातला आहे. इशारा याहून स्पष्ट कसा असावा?

या धोक्याचा प्रत्यय जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत आला. जेसन लेम्किन हे उद्योजक ‘रेप्लिट’ कंपनीच्या अशा साधनाकडून काम करवून घेत होते. कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट ताकीद दिलेली असताना त्या साधनाने चालू माहितीसाठाच पुसून टाकला. बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी त्यात होत्या. गेलेले परत मिळणार नाही, असेही त्याने वर सांगितले. पुढे ती माहिती परत मिळाली, म्हणजे ते सांगणेही खोटे ठरले! असे घडणे मुळात शक्यच असता कामा नये, अशी कबुली कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांना द्यावी लागली.

अमेरिकेतील या प्रकाराशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतींतील एखादा लहान कारखाना डोळ्यांपुढे आणावा. त्याचे पगारपत्रक संगणकावर निघते. रजेच्या हिशेबातील एक चूक दुरुस्त करण्यास साधनाला सांगितले, आणि त्याने जाता जाता जादा कामाच्या आकारणीची एक ओळही ‘सुधारली’, असे समजा. जादा तासांना कायद्याने दुप्पट वेतन आहे. ते एकपट झाले. बदल कोणी वाचला नाही. महिनाअखेरीस खानवेलकडून पाळीवर येणारा मजूर कमी रक्कम हाती घेऊन विचारतो, तेव्हा उत्तर मिळते: ‘संगणकात असेच आले आहे.’ हे उत्तर नव्हे, जबाबदारी झटकणे होय.

संमती पदोपदी विचारली तर माणूस कंटाळतो आणि न वाचताच ‘होय’ म्हणतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. साधनाचा वेग हा खरा लाभ आहे, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु यावरचा उपाय संमतीच काढून टाकणे हा नव्हे. बदल लहान ठेवावेत, म्हणजे ते वाचता येतील. साधनाला प्रयोगासाठी वेगळी प्रत द्यावी, चालू दप्तर देऊ नये. प्रत्येक बदलाचा इतिहास आणि माहितीची राखीव प्रत जपावी. जे पुसले असता परत येत नाही, त्याला मात्र माणसाच्या परवानगीवाचून हात लागता कामा नये.

यात नवे असे काहीच नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे २० वे कलम हेच सांगते. दस्तऐवजातील खाडाखोडीवर किंवा ओळींमध्ये घुसविलेल्या मजकुरावर संबंधितांची सही वा आद्याक्षरे नसतील, तर निबंधक तो दस्तऐवज नाकारू शकतो. कारकून कितीही हुशार असला, तरी त्याच्या हुशारीवर विसंबून आपल्या वडिलांनी जमिनीचे कागद कधी सोडले नाहीत. मजुराचे वेतन, रुग्णाची नोंद, ठेवीदाराची शिल्लक आज ज्या ओळींवर अवलंबून आहे, त्या ओळींना याहून कमी दक्षता का लावावी? यंत्राने खुशाल लिहावे. पण त्या लिखाणाखाली वाचून सही करणारा माणूस असलाच पाहिजे, आणि विचारणाऱ्याला त्याचे नाव सांगता आले पाहिजे.