टीबीची सत्तर वर्षं : औषध आलं, निदान रखडलं

१९५६ साली मद्रासमध्ये टीबी केमोथेरपी सेंटर सुरू झालं तेव्हा क्षयावर उपचार म्हणजे सॅनेटोरियम: मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती. मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्ये या समजुतीलाच सुरुंग लावला. दाटीवाटीच्या घरात, अर्धपोटी राहून गोळ्या घेणारे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे होत होते आणि घरच्यांना लागण वाढत नव्हती. पुढे रिफाम्पिसिन आलं, दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आला. या गोळीने लघवी नारिंगी होते. रुग्ण घाबरतो, आणि डॉक्टरला मात्र गोळी पोटात गेल्याची पावती मिळते.

निदान मात्र टीबीचा जंतू शोधणाऱ्या कॉखच्या, १८८२ च्या काळातच अडकून पडलं. बेडका काचपट्टीवर पसरायचा, तापवलेल्या लाल रंगात बुडवायचा, आम्लाने धुवायचा, वर निळा रंग द्यायचा. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की टीबी. स्वस्त आणि भरवशाची तपासणी. पण मिलिलिटरमागे पाच-दहा हजार जंतू असले तरच त्या काड्या दिसणार. औषधाला जंतू दाद देतोय का, हे तर काचपट्टी सांगतच नाही.

खासगी दवाखान्यांत तेवढंही होत नसे. छातीचा फोटो बघून गोळ्या सुरू. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या अभ्यासात शंभर डॉक्टरांनी ऐंशी तऱ्हेची प्रिस्क्रिप्शनं लिहिली होती. २०१० मध्ये डॉ. झरीर उदवाडिया यांनी धारावीत पुन्हा पाहिलं: १०६ पैकी जेमतेम सहा जणांचं बरोबर. औषधांना न जुमानणारा टीबी आभाळातून पडला नाही, तो आपल्याच चिठ्ठ्यांनी पोसला.

२०१२ मध्ये सरकारने टीबीच्या दिशाभूल करणाऱ्या रक्तचाचण्यांवर बंदी घातली आणि प्रत्येक रुग्णाची नोंद बंधनकारक केली. उशिरा का होईना, केलं. आता सीबीनॅट ही बेडक्याची जनुकीय तपासणी दोन तासांत जंतू आणि रिफाम्पिसिनला त्याचा विरोध, दोन्ही सांगते. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठीची कान बधिर करणारी इंजेक्शनं मागे पडून बेडाक्विलिनच्या गोळ्या आल्या.

तरीही रेंगाळलेल्या खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून देणं थांबलेलं नाही. त्याने टीबी चार दिवस दबतो, निदान लांबतं. डॉक्टर, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर ती गोळी लिहिण्याआधी बेडका तपासायला पाठवा.