‘गंज’ शब्दाचें कुळ

सिंदीच्या बाजारांत कान देऊन उभें राहिलें, तर ‘औंदा गंज कापूस झाला’, ‘गंज दिवसांनीं दिसले’ अशीं वाक्यें सहज ऐकूं येतात. हाच शब्द निबंधाच्या वहींत आला, कीं त्याखालीं तांबडी रेघ पडते व वर ‘खूप’ असें लिहिलें जातें. तें पाहून मुलास वाटूं लागतें, कीं आपल्या घरची बोलीच गांवढळ आहे. हा समज कितपत खरा, तें ह्या दोन शब्दांचीं कुळें पाहून ठरवूं.

‘खूप’ हा मूळचा फारसी ‘खूब’. त्याचा अर्थ ‘चांगला’. तो अर्थ ‘खुबी’ ह्या शब्दांत अद्यापि टिकून आहे. ‘खूप’ मात्र केवळ आधिक्य दाखवूं लागला. इंग्रजी ‘व्हेरी’ची हकीकत अशीच आहे. तो जुन्या फ्रेंच भाषेंतून आला, व त्याचा मूळ अर्थ ‘खरा’.

‘गंज’ हाही फारसी. अर्थ खजिना, भांडार. लोखंडावर चढतो तो गंज निराळा. मराठींत ह्या शब्दास रास, ढीग असाही अर्थ आला. कडब्याची गंजी आमच्या शेतकऱ्यांस परिचितच आहे. जें राशीनें आहे तें पुष्कळ, ह्या वाटेनें तो आधिक्यवाचक झाला असावा, असें आम्हांस वाटतें.

त्याचें कुळ तर फार प्राचीन आहे. सुमारें २००० वर्षांपूर्वींच्या, मथुरेच्या शोडास क्षत्रपाच्या काळांतील शिलालेखांत खजिनदारास ‘गंजवर’ म्हटलें आहे. पवित्र शास्त्रांत एज्रा १:८ येथें मिथ्रदाथ खजिनदाराचा उल्लेख आहे. तेथील इब्री शब्द ‘गिज्बार’ ह्याच इराणी शब्दापासून निघाला. मार्क १२:४१ मध्यें ज्या भांडारापाशीं प्रभु बसला होता, त्याच्या ग्रीक नांवांतील ‘गाझा’ हा अंशही तोच. गरीब विधवेनें दोन टोल्या टाकल्या त्या येथेंच.

मग एक शब्द शिष्ट व दुसरा गांवढळ कां? दोघेही फारसी घरचेच पाहुणे. एकास ग्रंथकारांनीं पुस्तकांत घेतलें, दुसरा शेतांत व बाजारांत राहिला, एवढाच भेद.

विद्यार्थ्यांनीं निबंधांत ग्रांथिक मराठी अवश्य लिहावी. ती साऱ्या महाराष्ट्रास समजते. परंतु घरीं आजी ‘गंज’ म्हणाली तर हंसूं नये. आणि पालकांनींही शाळेंत येतांना आपल्या बोलण्याचा संकोच धरूं नये, अशी आमची विनंति आहे.