मताधिकार नसलेल्यांचा कौल : आर्सेनलच्या व्यवस्थापकावरील वादाचा मागोवा

इंग्लंडमधील एखाद्या फुटबॉल क्लबची घसरण सुरू झाली की त्याच्या समर्थकांत व्यवस्थापकाला काढावे की ठेवावे हा वाद पेटतो आणि बहुतेक ठिकाणी तो काही महिन्यांत निकाली निघतो. उत्तर लंडनमधील आर्सेनल या क्लबच्या बाबतीत मात्र तो जवळजवळ दीड दशक चालला, आणि त्याचे विषय झालेले आर्सेन वेंगर हे क्लबच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी व्यवस्थापक होते. इंग्लिश फुटबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे केवळ सराव घेणारा प्रशिक्षक नव्हे. संघनिवड, डावपेच, खेळाडूंची खरेदी-विक्री आणि पुष्कळदा तरुण खेळाडूंच्या घडणीचे धोरण या साऱ्यांची जबाबदारी परंपरेने त्याच्याकडे असते. त्यामुळे क्लबमध्ये जे काही बिघडते त्याचा दोष त्याच्या माथी येतो. आर्सेनलमधील वादाचा मागोवा घेतला असता असे दिसते, की व्यवस्थापकाच्या कुवतीबरोबरच क्लब कोणाचा आणि त्याच्या कारभारात समर्थकांचे काही चालते का, हाही प्रश्न या वादात गुंतलेला होता. परंतु तो विचारण्याची जागाच नसल्यामुळे तो व्यवस्थापकाच्या नावाने विचारला गेला.

जपानमधील नागोया ग्रॅम्पस एट या क्लबकडून वेंगर १९९६ च्या शरद ऋतूत लंडनला आले तेव्हा इंग्रजी क्रीडाजगताला ते जवळजवळ अपरिचित होते. तरीही १९९७-९८ आणि २००१-०२ या हंगामांत संघाने प्रीमियर लीग, म्हणजे देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धा, आणि एफए कप, म्हणजे लहानमोठ्या सर्व क्लबांना खुली असलेली बाद पद्धतीची स्पर्धा, अशी दोन्ही विजेतेपदे एकाच वर्षी मिळवली. २००३-०४ मध्ये तर साखळीतील ३८ सामन्यांपैकी २६ जिंकून आणि १२ बरोबरीत सोडवून संघ अपराजित राहिला. पुढील सर्व वादाची उंची या हंगामाने ठरवून टाकली, कारण त्यानंतरच्या प्रत्येक संघाची तुलना समर्थक याच संघाशी करू लागले.

ज्या काळात ही उंची गाठली गेली त्याच काळात क्लबने आपल्या पायाशी मोठे कर्ज ओढून घेतले. हायबरी या जुन्या मैदानाची क्षमता सुमारे ३८,००० प्रेक्षकांची होती. त्याऐवजी सुमारे ६०,००० आसनांचे एमिरेट्स स्टेडियम उभारण्याचे ठरले आणि सुमारे ३९ कोटी पौंड खर्चाचे हे बांधकाम २००६ मध्ये पूर्ण झाले. मैदानाच्या वाढीव उत्पन्नातून क्लब देशातील सर्वांत श्रीमंत क्लबांच्या बरोबरीला येईल, हा हिशेब त्यामागे होता. परंतु २००३ मध्ये रोमान अब्रामोविच यांनी चेल्सी आणि २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातील गुंतवणूकदारांनी मँचेस्टर सिटी विकत घेतल्यावर तिकीटविक्रीच्या आधारे स्पर्धा करण्याचा तो हिशेबच कोलमडला. कर्ज फेडता यावे म्हणून चांगले खेळाडू विकावे लागत असतानाही वेंगर यांनी संघाला दरवर्षी पहिल्या चार क्रमांकांत ठेवले आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेचे उत्पन्न क्लबला मिळवून दिले. पहिल्या चारांत राहण्याची ही परंपरा सलग २० हंगाम टिकली.

वादाला खरी धार चढली ती २०११ मध्ये. फेब्रुवारीत लीग कप या देशांतर्गत बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बर्मिंगहॅम सिटीने अखेरच्या क्षणी आर्सेनलला हरवले, ऑगस्टमध्ये सेस्क फाब्रेगास आणि समीर नासरी क्लब सोडून गेले, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला मँचेस्टर युनायटेडने २ विरुद्ध ८ गोलांनी पराभव केला. हा क्लबच्या इतिहासातील सर्वांत मानहानिकारक पराभवांपैकी एक होता. पुढच्या वर्षी साखळीत सर्वाधिक गोल करणारा रॉबिन व्हॅन पर्सी हा कर्णधारही त्याच मँचेस्टर युनायटेडकडे गेला, तेव्हा विकणे ही आता नाइलाजाची गोष्ट राहिली नसून सवय झाली आहे, असे अनेकांना वाटू लागले.

या काळात दोन पक्ष पडले आणि दोघांच्याही युक्तिवादात तथ्य होते. वेंगर जावेत असे म्हणणाऱ्यांचे बोट पुनरावृत्तीवर होते: दर वसंतात संघ ढेपाळत होता, बचावातील त्याच त्या उणिवा वर्षानुवर्षे तशाच राहत होत्या, आणि २०११ ते २०१७ या काळात चॅम्पियन्स लीगमधील वाटचाल सलग सात वेळा अंतिम सोळा संघांच्या फेरीत संपली. वेंगर राहावेत असे म्हणणारे कर्जाच्या वर्षांची आठवण देत आणि पुढचा माणूस कोण, असे विचारत. सर अॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यावर मँचेस्टर युनायटेडने नेमलेल्या डेव्हिड मोइस यांना एक हंगामही पूर्ण करता आला नाही आणि २०१३-१४ मध्ये तो क्लब सातव्या स्थानी घसरला, हे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. एका गटाला कृतघ्न आणि दुसऱ्याला भाबडे ठरवणे त्या वेळी सोपे होते, तरी दोन्ही गट एकाच क्लबच्या काळजीने बोलत होते. २०१४ मध्ये हल सिटीविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही संघाने अतिरिक्त वेळेत एफए कप जिंकला, विजेतेपदांचा नऊ वर्षांचा दुष्काळ संपला आणि वेंगर यांना नवा करार मिळाला. परंतु यामुळे वाद शमण्याऐवजी पुढे ढकलला गेला.

त्याच वर्षांत मैदानाबाहेर घडलेल्या गोष्टींना या वादात पुरेसे स्थान मिळाले नाही. अमेरिकी उद्योजक स्टॅन क्रोंकी यांच्याकडे २०११ मध्ये क्लबचे बहुसंख्य समभाग आले. संपूर्ण हंगामाच्या सर्वांत महाग तिकिटाची किंमत दोन हजार पौंडांच्या पुढे गेली होती, आणि २०१३-१४ व २०१४-१५ या दोन्ही वर्षांत क्लबने क्रोंकी यांच्या कंपनीला सल्लासेवेपोटी प्रत्येकी ३० लाख पौंड दिल्याचे उघड झाले. समभाग बाळगणाऱ्या समर्थकांच्या संघटनेने याबद्दल जाब विचारला, पण निर्णय बदलण्याचे सामर्थ्य तिच्याकडे नव्हते. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते राहिली पाहिजेत असा नियम आहे, आणि बार्सिलोना व रिआल माद्रिद यांचे सभासद आपला अध्यक्ष मतदानाने निवडतात. इंग्लंडमधील बड्या क्लबांच्या समर्थकांना असा अधिकार नाही. मालक लंडनपासून दूर, संचालक काचेआड. समर्थकांचा आवाज दर आठवड्याला ज्याच्या कानावर पडेल असा क्लबमधील अधिकारी एकच, तो म्हणजे मैदानाच्या कडेला उभा असलेला व्यवस्थापक.

या कोंडीचे चित्र ३० एप्रिल २०१६ रोजी नॉर्विच सिटीविरुद्धच्या सामन्यात स्पष्ट दिसले. शेवटचे साखळी विजेतेपद मिळून बारा वर्षे झाली म्हणून बाराव्या मिनिटाला, आणि पुन्हा ७८ व्या मिनिटाला, बदलाची वेळ आल्याचे सांगणारे छापील कागद प्रेक्षकांत उंचावले गेले. ते उंचावताच इतर प्रेक्षकांनी वेंगर यांच्या नावाचा जयघोष सुरू केला आणि विरोधाचा आवाज त्यात बुडाला. लेस्टर सिटीसारखा अल्पसाधन क्लब त्याच हंगामात विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता, ही त्या कागदांमागची ताजी वेदना होती; अखेर लेस्टरने ते मिळवले आणि आर्सेनल दहा गुणांनी मागे राहून दुसरे आले. पुढच्या वर्षी बायर्न म्युनिकने दोन सामन्यांत मिळून २ विरुद्ध १० अशी धूळ चारल्यानंतर मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमविच येथील सामन्यावर दोन विमाने घिरट्या घालून गेली. एकाच्या मागे वेंगर यांना नवा करार देऊ नये असा फलक होता, तर दुसऱ्याच्या मागे त्यांच्यावर विश्वास व्यक्त करणारा. क्लबच्या भवितव्याबद्दल एकमेकांशी आणि क्लबशी बोलण्यासाठी समर्थकांना आकाश भाड्याने घ्यावे लागले, याइतका त्यांच्या हतबलतेचा दुसरा पुरावा नाही. मे महिन्यात चेल्सीला हरवून वेंगर यांनी आपला विक्रमी सातवा एफए कप जिंकला. साखळीत मात्र संघ पाचवा आला, आणि तरीही दोन वर्षांचा करार झाला.

घोषणांनी जे साधले नाही ते रिकाम्या खुर्च्यांनी साधले. १ मार्च २०१८ रोजी, कडाक्याच्या थंडीत, मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्याला विकल्या गेलेल्या हजारो जागा मोकळ्या होत्या, आणि तिकिटाचे पैसे आधीच भरलेल्या माणसाने घरी बसणे पसंत करावे, हा कौल संचालकांना टाळता येण्याजोगा नव्हता. २० एप्रिलला वेंगर यांनी करार संपण्याआधीच पद सोडत असल्याचे जाहीर केले आणि १,२३५ सामन्यांची त्यांची कारकीर्द मे महिन्यात संपली. त्याच वर्षी क्रोंकी यांनी उरलेले समभाग विकत घेऊन क्लबची संपूर्ण मालकी मिळवली. पिढ्यान्‌पिढ्या एखाददुसरा समभाग जपणाऱ्या समर्थकांनाही कायद्याने तो विकावा लागला. वार्षिक सभेत समभागधारक म्हणून प्रश्न विचारण्याचा जो काही हक्क उरला होता, तोही व्यवस्थापक बदलल्याच्या जल्लोषात संपला.

वेंगर यांच्यानंतर आलेल्या उनाई एमेरी यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमण्यात आले. खेळाडू शोधण्याचे आणि खरेदीचे अधिकार इतर अधिकाऱ्यांकडे गेले. पहिल्या हंगामात संघ युरोपा लीग या युरोपातील दुय्यम क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तरी बाकू येथे चेल्सीने त्याला ४-१ असे हरवले, आणि सलग सात सामने विजयाविना गेल्यावर २९ नोव्हेंबर २०१९ रोजी एमेरी यांची हकालपट्टी झाली. माणूस बदलला की सारे बदलेल, ही अपेक्षा अठरा महिन्यांत फोल ठरली होती.

त्यांच्या जागी क्लबचे माजी कर्णधार मिकेल आर्तेता आले. २०२० मध्ये एफए कप जिंकूनही संघ साखळीत सलग दोन वेळा आठवा आला. त्या वर्षी डिसेंबरमध्ये तो पंधराव्या स्थानावर होता, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले तिन्ही सामने एकही गोल न करता हरून तळाला गेला. जुन्या मोजपट्टीने पाहिले तर हकालपट्टीसाठी याहून भक्कम कारण सापडले नसते. तरीही संचालक डगमगले नाहीत, कारण या वेळी कमी वयाचे खेळाडू घेऊन संघ नव्याने बांधण्याची आखणी ठरलेली होती आणि आर्तेता ती आखणी राबवत होते. पुढे संघ पाचवा आला आणि २०२२-२३ पासून सलग तीन हंगाम दुसरा. समर्थकांच्या रोखातही फरक पडला होता: युरोपातील मोजक्या श्रीमंत क्लबांसाठी आखलेल्या सुपर लीगमध्ये आर्सेनल सामील झाल्यावर एप्रिल २०२१ मध्ये हजारो समर्थक एमिरेट्ससमोर जमले आणि त्यांनी मालकांनी जावे अशी मागणी केली, व्यवस्थापकाने जावे अशी नव्हे.

या साऱ्या वर्षांचा हिशेब मांडताना समर्थकांवर अधीरतेचा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. एका व्यक्तीच्या हाती सारे अधिकार ठेवण्याची पद्धत कालबाह्य झाली आहे, हे त्यांच्यापैकी अनेकांनी संचालकांच्या आधी ओळखले होते आणि २०१७ चा करार ही चूक होती, हे त्यांचे मतही पुढील हंगामाने खरे ठरवले. त्याचबरोबर एमेरी आणि आर्तेता यांची वाटचाल असे सांगते, की व्यवस्थापकाचे मूल्यमापन केवळ सामन्यांच्या निकालांवरून होऊ शकत नाही. क्लबला कुठे जायचे आहे हे ठरलेले असेल तरच तो त्या वाटेवर आहे की नाही हे ठरवता येते. इंग्लंडमध्ये २०२५ साली फुटबॉलच्या कारभारासाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला आणि तिकिटांच्या किमतींसारख्या बाबींवर समर्थकांशी सल्लामसलत करण्याचे बंधन क्लबांवर आले. व्यवस्थापकाची नेमणूक त्या सल्लामसलतीचा विषय नाही, आणि तो असण्याची गरजही नाही. किमती, मालकी आणि क्लबची दिशा यांबद्दलचे गाऱ्हाणे ऐकून घेणारी जागा समर्थकांना मिळाली, तर व्यवस्थापकाबद्दलचा त्यांचा वाद त्याच्या खेळाच्या समजेपुरता मर्यादित राहील, आणि त्या विषयावरचा त्यांचा अधिकार कोणत्याही संचालकाहून कमी नाही.