जीपजातीच्या वाहनांचे पुढील निलंबन : उंची आणि चाल यांतील भेद

ठाणे शहरातील वर्तकनगर ही वस्ती येऊरच्या डोंगरापासून फार दूर नाही. येथील जीपजातीच्या गाडीला वर्षाचे बहुतेक दिवस पोखरण रस्त्यावरची गर्दी आणि गतिरोधक यांना तोंड द्यावे लागते. कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजच्या बाजूस, काळ्या पाषाणाच्या पायऱ्यांवर आणि पावसाळी चिखलात जाण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे येतात. या थोड्या प्रसंगांसाठी गाडीचा पुढचा भाग उचलून घेण्याकडे मालकांचा कल असतो. गाडी उंच झाली म्हणजे ती अवघड वाटेस अधिक योग्य झाली, हा समज कितपत खरा आहे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्याकडील या वाहनांच्या इतिहासात पुढील निलंबनाच्या तीन रचना आढळतात. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभिली. त्या जीपमध्ये दोन्ही पुढील चाके एकाच ताठ आसावर असून तो आस कमान-पाट्यांवर टेकलेला असे. २०१० मध्ये आलेल्या ‘थार’ गाडीत पुढील चाके परस्परांपासून स्वतंत्र झाली आणि भार पेलण्याचे काम टॉर्शन बारकडे, म्हणजे पीळ सोसणाऱ्या पोलादी दांडीकडे आले. २०२० च्या नव्या ‘थार’मध्ये स्वतंत्र चाके कायम राहिली, मात्र दांडीच्या जागी मळसूत्री स्प्रिंग आली.

पहिल्या रचनेत एक गोष्ट सहज विसरली जाते. ताठ आसाच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून किती उंच राहील, हे केवळ टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असते. पाटे बदलून चौकट कितीही वर नेली, तरी तो गोळा तसूभरही वर जात नाही. शिवाय पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. जाडी एक-दशांशाने वाढविल्यास ताठरपणा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. उलट लांबी तितकीच वाढविल्यास तो सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून खडकाळ वाटेवर जाड पाट्यापेक्षा लांब आणि लवचीक पाटा हितकर ठरतो. पाट्याच्या एकाच टोकास लांब शॅकल लावून उंची मिळविल्यास आस कलतो आणि कॅस्टरचा कोन बदलतो. तो कमी झाला, तर वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ होण्याचा गुण उणावतो.

दुसऱ्या रचनेविषयीचा गैरसमज अधिक रूढ आहे. टॉर्शन बारच्या टोकाशी असलेला बोल्ट आवळला की गाडीचा पुढचा भाग वर येतो. या कामास खर्च जवळजवळ नसतो. बोल्ट आवळल्याने स्प्रिंग ‘कडक’ झाली, असे गॅरेजात म्हटले जाते. वस्तुतः दांडीचा ताठरपणा तिचा व्यास, लांबी आणि पोलादाचा गुण यांवर ठरतो. बोल्ट या तिहींपैकी कशासही स्पर्श करीत नाही. दांडीचा ठावच तेवढा फिरतो आणि चाक चौकटीच्या मानाने खाली ढकलले जाते. ताठरपणा खरोखर वाढवावयाचा तर जाड दांडी हवी. तेथे तो व्यासाच्या चतुर्थ घाताने वाढत असल्यामुळे व्यासातील एक-दशांश वाढ ४६ टक्क्यांचा फरक घडविते.

आता या ढकलण्याचा परिणाम पाहू. उदाहरणादाखल असे धरू की चाकाची एकूण उभी चाल १८० मिलिमीटर असून स्थिर अवस्थेत ९० वर व ९० खाली अशी ती विभागलेली आहे. गाडी ४० मिलिमीटरने उचलली की वरची चाल १३० होते आणि खालची ५० उरते. बेरीज १८० च राहते. पुढे ८० मिलिमीटर खोल खळगा आला, तर पूर्वी जमिनीस टेकून राहणारे चाक आता, चौकट तितकीशी न कलल्यास, अधांतरी लोंबेल. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना मिळणारे बल जवळजवळ समान असते. त्यामुळे अधांतरी चाक मोकळे फिरू लागले की जमिनीवरच्या चाकासही ओढ उरत नाही. म्हणजे ज्या वाटेसाठी गाडी उंच केली, त्याच वाटेवर ती अडते.

हानी एवढ्यावर थांबत नाही. चाक खाली गेल्याने डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे अधिक कोनात फिरतात. त्यांवरील रबरी आच्छादने फाटली की आत चिखल शिरतो. सुकाणूची आडवी दांडी आणि निलंबनाचा हात यांच्यातील मेळ बिघडल्याने उंचवट्यावरून जाताना चाक आपणहून वळू पाहते. गुरुत्वमध्यही वर जातो. चाकांमधील आडवे अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७० मीटर असल्यास, निलंबनाचा लवचीकपणा सोडून दिला, तर आडव्या उतारावर उलटण्याची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ४७ अंश येते. संपूर्ण गाडीची उंची ५ सेंटिमीटरने वाढविल्यावर ती ४५ अंश होते. प्रत्यक्षात गाडी कलत असल्यामुळे ही मर्यादा याहून बरीच अलीकडे असते.

मळसूत्री स्प्रिंगवर नुसती चकती बसविणे हा वरच्याच युक्तीचा दुसरा अवतार होय. चाल वाढवावयाची तर स्प्रिंग, तिला साजेशा लांबीचा शॉक अब्सॉर्बर आणि वरचा हात यांचा एकत्र विचार करावा लागतो. अब्सॉर्बर आखूड राहिल्यास तोच चाकाला अडवू लागतो आणि त्याचे बूड निखळते. म्हणून क्रम असा असावा : प्रथम आहे त्या चालीचे मोजमाप; मग योग्य टायर आणि गाडीच्या पोटाखाली संरक्षक पत्रा; मग लांब खडकाळ प्रवासात तापूनही दम न सोडणारे अब्सॉर्बर; आणि विंच वा लोखंडी बंपर यांचा भार पुढे कायमचा येणार असेल तरच ताठर स्प्रिंग. खडकांवर संथ जाताना अँटी-रोल बार सोडविल्याने चाकांना मोकळीक मिळते. रस्त्यावर परतण्यापूर्वी तो पुन्हा जोडलाच पाहिजे.

कायद्याची बाजूही अभ्यासकाने ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या सुधारणेने अवैध फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, वा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. चाचणीसाठी जवळचे म्हणून येऊरचे रानही निवडता येणार नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

सुदैवाने चाचणीस रानाची आवश्यकता नाही. २० अंशांच्या उतरणीवर गाडीचे एकच पुढील चाक हळूहळू चढवावे आणि इतर तिहींपैकी एखादे जमीन सोडू लागताच थांबावे. चाकाने उतरणीवर कापलेल्या अंतरास पुढील-मागील चाकांमधील अंतराने भागून हजाराने गुणावे. नव्या ‘थार’चे हे चाकांतर २४५० मिलिमीटर आहे, चाक १२२५ मिलिमीटर चढले, तर अंक ५०० येईल. बोल्ट आवळण्यापूर्वी आणि नंतर, एकाच गाडीवर, असे दोन अंक काढावेत. उंची मोजपट्टीने कळते; गाडी वाट किती धरून ठेवील हे या दुसऱ्या मोजमापाने कळते, आणि पैसा खर्चण्यापूर्वी पाहावयाचे ते हेच.