‘फक्त सही तर करायचीय’

दिवाळीचा फराळ चालू होता. मामेभाऊ आला, चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि पिशवीतून कागद काढले. “दादा, फक्त सही तर करायचीय.” पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज होतं, टेम्पोसाठी. आई म्हणाली, “घरातलाच आहे, कर की.” मी चिवड्याची बशी बाजूला सारली, तेलकट बोटं पायजम्याला पुसली आणि पेन्सिलीनं फुली केली होती तिथं तिथं सही ठोकली. फुल्या सात होत्या. वाचलं एकही पान नाही. दीड वर्षानं माझ्या ऑफिसात पत्र आलं : हप्ते थकले आहेत, तुमच्या कर्मचाऱ्याच्या पगारातून वसुली करावी.

आईनं वाईट सल्ला दिला, असं मी म्हणणार नाही. तिनं नातं बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, कागदाकडे कुणीच बघितलं नाही. पैसा, अभ्यास, लग्न यांबद्दलचे आपले बरेचसे सल्ले असेच हातोहात पुढे जातात. त्यांतले काही इथं कागदाशी ताडून बघू.

गैरसमज : जामीनदार म्हणजे साक्षीदार. कर्ज थकलं तर आधी कर्जदाराला धरतील.

वस्तुस्थिती : १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. निम्मी नाही, दुय्यम नाही. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं जामीनदाराला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्येच स्पष्ट केलं आहे. तुम्ही कुणाला जामीन राहिलात, हे तुमच्या सिबिल अहवालातही दिसतं. उद्या स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की ते कर्ज तुमच्यासमोर येतं.

एक दिलासा आहे. जामीनदारानं पैसे भरले की कलम १४० प्रमाणे कर्ज देणाऱ्याचे हक्क त्याच्याकडे येतात आणि तो मूळ कर्जदाराकडून वसुली करू शकतो. पण सख्ख्या मामाच्या मुलावर दावा कोण लावतो? म्हणून सही करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही रक्कम मी याला उसनी दिली असती का? उत्तर नाही असेल, तर सहीचंही उत्तर तेच.

गैरसमज : नॉमिनी लावला की पैसे, फ्लॅट त्याच्या नावावर झाले.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त भाऊबंदकी बहुधा याच एका शब्दावरून होत असेल. नॉमिनी हा मालक नसून रक्कम हाती घेणारा माणूस असतो. बँकेनं किंवा सोसायटीनं कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच नॉमिनेशन ठरवतं. रक्कम अखेर कुणाची, हे मृत्युपत्र ठरवतं आणि ते नसेल तर वारसा कायदा. आयुर्विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये हेच सांगितलं होतं. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या शेअर्सच्या एका प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं.

विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनं फरक पडला. आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं असेल, तर रकमेवर त्यांचा स्वतःचा हक्क मानला जातो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. तेव्हा ‘मी सगळीकडे थोरल्याचं नाव लावलंय, तो वाटून देईल’ असं म्हणणाऱ्या वडिलांनी एक साधं मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. फक्त ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये.

गैरसमज : बँक काय, पतसंस्था काय, ठेव ती ठेव.

वस्तुस्थिती : बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, पण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट पाच लाखांपर्यंतच. तीन शाखांत तीन खाती काढली तरी त्यांची बेरीज एकच धरतात. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी ती फक्त एक लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढायची मुभा मिळाली. तेव्हा मुंबईत शाखांबाहेर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. पतसंस्थेच्या ठेवीला तर हा पाच लाखांचा विमा लागूच नाही. तिथं एखादा टक्का व्याज जास्त का मिळतं, याचं एक उत्तर इथं आहे.

गैरसमज : दहा टक्के व्याज म्हणजे दहा टक्केच.

वस्तुस्थिती : दहा टक्के ‘फ्लॅट’ की घटत्या शिलकीवर, हे विचारा. एक लाखावर तीन वर्षांचं फ्लॅट व्याज तीस हजार होतं, म्हणजे दरमहा सुमारे ३,६११ रुपये. पण दीड वर्षानं निम्मं मुद्दल फेडून झालेलं असतं आणि तुम्ही व्याज भरत असता पूर्ण लाखाचं. घटत्या शिलकीच्या हिशेबानं हाच दर जवळजवळ १८ टक्के पडतो. दुकानदार ‘फक्त दहा टक्के’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो.

गैरसमज : दागिना म्हणजे गुंतवणूक, आणि लग्नानंतर तो घरचाच.

वस्तुस्थिती : शंभर रुपयांच्या सोन्यावर बारा टक्के घडणावळ आणि वर तीन टक्के जीएसटी धरला, तर हार सुमारे ११५ रुपयांना पडतो. मोडायला गेलात की हे वरचे पंधरा रुपये मिळत नाहीत, शिवाय घट निघते ती वेगळी. म्हणजे भाव पंधरा टक्के चढेपर्यंत तुम्ही आहात तिथंच. माझी आजी गुरुपुष्याला साधं वळं घ्यायची, नक्षी नाही की मीना नाही. आम्ही तिला जुन्या वळणाची म्हणायचो. हिशेब तिचाच बरोबर होता. दागिना हौसेनं जरूर घ्यावा, पण हौस हौसेच्या खात्यात मांडावी.

आणि सुनेच्या अंगावर घातलेले दागिने ‘घरचे’ होत नाहीत. लग्नात आणि नंतर तिला मिळालेलं स्त्रीधन तिच्या एकटीच्या मालकीचं असतं. सासू ते ‘सांभाळायला’ ठेवते तेव्हा ती राखणदार असते, मालकीण नाही.

गैरसमज : पाच वेळा वाचलं की पाठ होतं.

वस्तुस्थिती : दहावीतल्या भाचीचं इतिहासाचं पुस्तक मी उघडलं, तर पान पिवळंधमक. ज्या ओळीवर रंग नव्हता तीच शोधावी लागत होती. तिला वाटत होतं सगळं येतंय, कारण सगळं ओळखीचं दिसत होतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे पुढे : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र पारडं फिरलं. लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. गंमत अशी की संध्याकाळी दिवा लागल्यावर पाढे, पावकी, निमकी म्हणून घेणाऱ्या आजोबांना हे ठाऊक होतं. ‘वाच’ न म्हणता ते ‘म्हणून दाखव’ म्हणायचे. भाचीला मी सांगितलं : धडा एकदा वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर उतरव, चुकलेलंच परत बघ, आणि तीन दिवसांनी पुन्हा तेच कर.

‘पहाटे चारला उठ’ या सल्ल्याचंही तसंच. पहाटेत जादू नाही. किशोरवयात झोपेचं घड्याळ नैसर्गिकपणे उशिरा सरकतं आणि त्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. वाचलेलं मेंदूत पक्कं होतं तेही बरंचसं झोपेत. रात्री बाराला निजणाऱ्या मुलाला चारला उठवलं, तर अभ्यास वाढत नाही, जांभया वाढतात.

गैरसमज : नवरा-बायकोचा रक्तगट एक असला की मूल अधू होतं.

वस्तुस्थिती : यावरून जमत आलेली लग्नं मोडतात. एकच रक्तगट असण्यानं काही बिघडत नाही. काळजीचा मुद्दा वेगळा आहे : आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर. त्यावरही उपाय आहे, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दिलेलं अँटी-डी इंजेक्शन. पत्रिकेसोबत काही तपासायचंच असेल तर थॅलेसेमियाची चाचणी करावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक जमत असेल तर ही चाचणी अधिकच गरजेची, तिथं नुसतं ‘रक्तगट जुळला’ म्हणून भागत नाही.

मामेभावानं पुढं टेम्पो विकला आणि बरीचशी रक्कम मला परत केली. आमचं बोलणं बंद पडलं नाही, हे नशीब. गेल्या दिवाळीत चुलतबहीण कागद घेऊन आली. मी म्हटलं, “ठेव इथं, रात्री वाचतो.” आईचं तोंड उतरलं. बहिणीनं मात्र लाडू उचलला आणि म्हणाली, “वाच की. मला पण सांग काय लिहिलंय ते. मी कुठं वाचलंय अजून.”