हिवाळ्याच्या चाऱ्याने मोजलेले गाव

स्वित्झर्लंडच्या व्हॅले कँटनमध्ये, फिस्प शहरापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या खोऱ्याच्या उभ्या उतारावर, साधारण १५०० मीटर उंचीवर ट्योर्बेल आहे. वस्ती जेमतेम पाचशेची, बोली जर्मन वळणाची. एवढ्याशा गावाला स्वतःची ग्रामपालिका आहे आणि अंदाजपत्रक मंजूर करायला मतदारांची ग्रामसभा भरते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र हे गाव ठाऊक आहे ते त्याच्या सामाईक कुरणांमुळे. ही कुरणे पाच शतके टिकली याचे श्रेय सहसा गावकऱ्यांच्या एकोप्याला दिले जाते. मला ते पटत नाही. भांडणे, लोभ आणि लबाडी तिथेही असणारच हे गृहीत धरूनच ट्योर्बेलने नियम केले, आणि मर्यादा ज्याच्या त्याच्या गोठ्यातच दिसेल अशी सोय केली. गाव टिकले ते त्यामुळे.

हे नियम समजायला आधी जमीन समजून घ्यावी लागते. दोन्ही बाजूंच्या उंच पर्वतरांगा पाऊस अडवतात, त्यामुळे हा भाग स्वित्झर्लंडमधील सर्वांत कोरड्या भागांत मोडतो. बर्फ वितळून आलेले पाणी डोंगराच्या कडेने खोदलेल्या पाटांतून आणल्याशिवाय गवताची कापणी होत नाही. खाली द्राक्षांचे तुकडे, गावाभोवती राय, बटाटे आणि गवताची शेते, त्यावर जंगल आणि सर्वांत वर उन्हाळी कुरण, अशी एकावर एक उतरंड आहे. खालची शेते खाजगी आणि वाटण्या होत होत बारीक झालेली. वरचे कुरण, जंगल, पडीक जमीन, पाट आणि वाटा सामाईक. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी या गावाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९८१ साली पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवले की ही विभागणी परंपरेच्या ओढीने झालेली नव्हती. जिथे मेहनत घातली तर पीक वाढते ती जमीन एकेकट्याने राखली. जिथे गवत विरळ, दरसाल बेभरवशाचे आणि कुंपण घालणे परवडणारे नाही, ती सगळ्यांनी मिळून.

१ फेब्रुवारी १४८३ रोजी गावकऱ्यांनी कुरण, जंगल आणि पडीक जमिनीच्या वापराचा करार लिहून काढला. बाहेरच्या माणसाने गावात जमीन घेतली तरी तेवढ्याने त्याला सामाईक हक्क मिळणार नाहीत, असे त्यात स्पष्ट होते. १५१७ सालचा नियम मला या साऱ्या व्यवस्थेचा कणा वाटतो: हिवाळाभर जितक्या गाई पोसता येतील त्याहून जास्त कोणीही उन्हाळ्यात कुरणावर धाडू नयेत. हिवाळ्याचा चारा येतो स्वतःच्या शेतातून, म्हणजे कुरणावरचा हिस्सा आपोआप घरच्या गवताशी बांधला गेला. कुणाच्या माडीवर किती गवत आहे हे शेजाऱ्यापासून लपत नाही; मोजणीला वेगळा अधिकारी नको. नियम मोडणाऱ्याला दंड होता, आणि दंड वसूल करणाऱ्या कारभाऱ्याला त्यातला अर्धा वाटा मिळे, म्हणजे डोळेझाक करणे त्यालाच महाग पडे. लाकडाचीही अशीच तजवीज होती. कापायची झाडे आधी खुणा करून ठरत, घराघरांतली माणसे मिळून ती तोडत, सारख्या राशी रचत आणि मग चिठ्ठ्या टाकून राशी वाटत. आपल्या नशिबी कोणती रास येईल हे ठाऊक नसलेला माणूस सगळ्याच राशी नीट रचतो.

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडले होते की सामाईक कुरणाचा शेवट नासाडीतच होतो, कारण प्रत्येकजण आणखी एक जनावर सोडत राहतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या पुस्तकात त्याला जी उत्तरे दिली त्यांत ट्योर्बेलचा दाखला ठळक आहे. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. हार्डिन यांनी वर्णन केले ते मालक नसलेले कुरण. ट्योर्बेलच्या कुरणाला मालक होते आणि ते एकमेकांना नावानिशी ओळखत होते.

यावर पहिला आक्षेप असा की ही व्यवस्था दार बंद ठेवून टिकली. तो खरा आहे, आणि किंमत नुसती बाहेरच्यांनीच मोजली नाही. उशिरा होणारी लग्ने, जन्मभर अविवाहित राहणारी माणसे, मुलांमधले मोठे अंतर आणि स्थलांतर यांमुळे लोकसंख्या आवाक्यात राहिली. कुरणाच्या समतोलाची किंमत अशी घराघरांतून वसूल झाली, हे ट्योर्बेलचे कौतुक करणाऱ्यांनी विसरू नये. स्त्रियांना तर शतकानुशतके मतच नव्हते. पण त्यासाठी गावच्या स्वायत्ततेला दोष देणे घाईचे होईल. याच डोंगराच्या ऱ्होन नदीकडच्या अंगाला असलेल्या उंटरबेखच्या ग्रामपालिकेने ३ मार्च १९५७ रोजी, नागरी संरक्षणाचे कर्तव्य स्त्रियांवरही घालण्याच्या प्रश्नावर, वरच्या सरकारांचा विरोध असताना स्त्रियांना मतदान करू दिले. ३३ जणींनी मत दिले. ती मते मोजली गेली नाहीत, आणि देशातल्या पुरुष मतदारांनी स्त्रियांना संघराज्य पातळीवर मताधिकार दिला तो १९७१ साली. छोट्या गावाच्या हाती निर्णय असला की ते दार लावूही शकते आणि इतरांच्या आधी उघडूही शकते.

दुसरा आक्षेप, की आज गाव गाईंवर जगत नाही. फिस्पच्या रासायनिक कारखान्यातला पगार, पर्यटक आणि सरकारी अनुदान यांनी चाऱ्याचे गणित सैल केले, हेही खरे. आता तुटवडा आहे तो माणसांच्या वेळाचा. पाट दुरुस्त करायला हात हवेत, पालिकेत बसायला उमेदवार हवेत. निवडून आलेल्याने पद नाकारू नये असा कायदा व्हॅलेमध्ये आहे, तो उगाच नाही. वेळाची मोजदाद मात्र माडीवरच्या गवतासारखी शेजाऱ्याला सहज दिसत नाही, आणि जुन्या नियमाची खरी कसोटी मला इथे वाटते. शिवाय हात वाढवायचे तर नव्या रहिवाशांवाचून भागणार नाही. गावात राहायला आलेला स्विस नागरिक ग्रामपालिकेच्या सभेत मत देतो, कर भरतो. पण मूळ गावकऱ्यांची सामाईक मालमत्ता सांभाळणारी संस्था वेगळी असते आणि तिचे सदस्यत्व घर घेतल्याने मिळत नाही. जमीन आणि हक्क यांच्यात १४८३ साली ओढलेली ती रेघ पुसायची की ठेवायची, हे त्या संस्थेच्या सभेलाच ठरवावे लागेल.